कॅमेऱ्यातील दुहेरी मेमरी कार्ड-व्यवस्था

डिजिटल कॅमेऱ्यात छायाचित्रांची साठवण करणारी मेमरी कार्डे बसविण्यासाठी एकाऐवजी दोन खाचा ठेवण्याची रचना. या रचनेमुळे टिपलेले प्रत्येक छायाचित्र दोन्ही कार्डांवर एकाच वेळी नोंदविता येते, एक कार्ड भरल्यावर दुसऱ्यावर नोंद पुढे चालू ठेवता येते किंवा निरनिराळ्या प्रकारच्या फाइली निरनिराळ्या कार्डांवर पाठविता येतात. यांपैकी पहिला उपयोग सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यायोगे छायाचित्राची दुसरी प्रत ते टिपल्याबरोबरच तयार होते आणि एक कार्ड निकामी झाले, तरी काम वाया जात नाही. तथापि दोन्ही कार्डे एकाच कॅमेऱ्यात असतात, तोवर कॅमेऱ्यावर येणारे संकट दोहोंवरही येते. म्हणून ही व्यवस्था कितपत संरक्षण देते, हे कार्डे कॅमेऱ्यातून काढल्यानंतर छायाचित्रकार काय करतो यावर बरेचसे अवलंबून असते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मुळशी तालुक्यासारख्या अतिवृष्टीच्या आणि डोंगराळ प्रदेशात या गोष्टीचा प्रत्यय विशेषत्वाने येतो. [⟶ कॅमेरा, छायाचित्रण].

पूर्वपीठिका : मूळ प्रत एकच असणे, ही छायाचित्रणातील आरंभापासूनची अडचण होय. फ्रान्समध्ये १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरोटाइप पद्धतीत धातूच्या पत्र्यावर मिळणारी प्रतिमा एकमेव असे व तिच्या प्रती काढता येत नसत. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४१ मध्ये एकस्व घेतलेल्या कॅलोटाइप पद्धतीत प्रथम व्यस्त प्रतिमा व तीवरून हव्या तितक्या सम प्रतिमा काढण्याची सोय झाली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, त्या सुमारास काचपट्टीवरील व्यस्त प्रतिमा प्रचारात येत होत्या. पुढे काचेची जागा फिल्मने घेतली. परंतु काचपट्टी असो वा फिल्म, ती धुऊन होईपर्यंत छायाचित्राची दुसरी प्रत अस्तित्वात येत नसे. रसायन बिघडले, रिळावर प्रकाश पडला किंवा रीळ गहाळ झाले, तर समारंभाची सर्व छायाचित्रे एकदम नाहीशी होत. म्हणून महत्त्वाच्या कामासाठी व्यावसायिक छायाचित्रकार दोन कॅमेरे नेत व दोन्हींत आलटून पालटून चित्रे घेत. दुहेरी कार्डांच्या मागील विचार मूलतः हाच आहे.

मूळ प्रत एकाच ठिकाणी ठेवल्याने होणाऱ्या हानीची उदाहरणे भारतीय चित्रपटांच्या इतिहासात आढळतात. पहिला भारतीय बोलपट आलम आरा (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेच्या आवारातील साठवणगृहाला आग लागून तेथे ठेवलेली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्मवरील रिळे मोठ्या संख्येने जळून गेली. ज्यांच्या प्रती अन्यत्र वा अन्य प्रकारच्या फिल्मवर होत्या, ते चित्रपट राहिले. माध्यम कोणतेही असले, तरी दुसरी प्रत असणे आणि ती दुसऱ्या ठिकाणी असणे या दोन स्वतंत्र गोष्टी असून दोन्ही आवश्यक आहेत, हे यावरून दिसते.

विकास : अमेरिकेतील कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या प्रायोगिक डिजिटल कॅमेऱ्यात चित्राची नोंद ध्वनिमुद्रणाच्या कॅसेटवर होत असे. सु. १०,००० बिंदूंचे एक चित्र नोंदविण्यास २३ सेकंद लागत. जपानमधील तोशिबा कंपनीत फूजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्लॅश स्मृती विकसित केली. विद्युत् पुरवठा बंद केल्यावरही माहिती टिकवून धरणारी व हलते भाग नसलेली ही स्मृती कॅमेऱ्यासाठी सोयीची ठरली. तिच्यावर आधारलेले कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड १९९४ मध्ये व त्याहून लहान असे एसडी कार्ड १९९९ मध्ये पुढे आले. एसडी कार्डाची लांबी ३२ मिमी., रुंदी २४ मिमी. व जाडी २.१ मिमी. असते. त्यानंतर एक्सक्यूडी व सीएफएक्सप्रेस ही अधिक वेगवान कार्डे प्रचारात आली.

व्यावसायिक कॅमेऱ्यांत दोन खाचांची सोय २००० नंतरच्या दशकात रूढ होत गेली. कॅनन कंपनीच्या ईओएस-१डी मार्क २ (२००४) या कॅमेऱ्यात एक कॉम्पॅक्ट फ्लॅश व एक एसडी अशा दोन खाचा होत्या, तर निकॉन डी३ (२००७) मध्ये दोन्ही खाचा कॉम्पॅक्ट फ्लॅशच्या होत्या. निकॉन डी७००० (२०१०) मध्ये दोन एसडी खाचा देण्यात आल्या आणि ही सोय हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात आली. पुढे २०१८ साली निकॉनचे झेड ६ व झेड ७ आणि कॅननचा ईओएस आर हे आरसाविरहित कॅमेरे बाजारात आले, तेव्हा त्यांत एकच खाच होती. लग्नसमारंभ व वृत्तछायाचित्रण करणाऱ्या अनेकांनी याबद्दल नापसंती व्यक्त केली. निकॉनने २०२० साली काढलेल्या त्याच मालिकेतील सुधारित कॅमेऱ्यांत दोन खाचा दिल्या. एखाद्या कॅमेऱ्याच्या व्यावसायिक योग्यतेचा विचार करताना चित्राच्या प्रतीबरोबरच त्याच्या सुरक्षिततेचाही विचार होऊ लागला, हे यावरून लक्षात येते. प्राथमिक वर्गातील स्वस्त कॅमेऱ्यांत मात्र आजही बहुधा एकच खाच असते.

कार्ड निकामी होण्याची कारणे : मेमरी कार्डात असंख्य सूक्ष्म कोशिका असतात. निरोधक थराआड अडकविलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रमाणावरून प्रत्येक कोशिकेतील माहिती वाचली जाते. लिहिणे व पुसणे या क्रिया वारंवार केल्याने निरोधक थर हळूहळू झिजतो. ही झीज सर्व कोशिकांत सारखी वाटली जावी म्हणून कार्डात एक नियंत्रक मंडल असते. प्रत्यक्षात कोशिका झिजून कार्ड संपण्यापेक्षा इतर कारणांनी ते निकामी होण्याची उदाहरणे अधिक परिचित आहेत. नियंत्रक मंडल बिघडणे, जोडपट्ट्यांवर घाम वा धूळ बसणे, कार्डाचे प्लॅस्टिक आवरण तडकणे, नोंद चालू असताना कार्ड बाहेर काढणे किंवा विजेरी संपणे, ही त्यांपैकी काही कारणे होत. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डासाठी कॅमेऱ्याच्या खाचेत ५० बारीक टाचण्या असतात. कार्ड तिरके घातल्यास त्यांपैकी एखादी वाकते व ती खाचच निरुपयोगी होते.

नकली कार्डे हा आणखी एक धोका आहे. अशा कार्डात प्रत्यक्ष साठवणक्षमता थोडी असून ती अधिक असल्याचे कॅमेऱ्याला भासविले जाते. खरी क्षमता संपल्यावरही नोंद व्यवस्थित होत असल्यासारखे दिसते. फाइली उघडू लागल्यावर फसवणूक उघड होते. म्हणून नवीन कार्ड कामावर नेण्यापूर्वी ते पूर्ण भरून, त्यातील सर्व फाइली संगणकावर उघडून पाहणे हितावह असते.

फाइल पुसली, तरी कार्डावरील मूळ माहिती बहुधा लगेच नाहीशी होत नाही. प्रथम फक्त अनुक्रमणिकेतील तिची नोंद काढली जाते. त्या जागी नवीन माहिती लिहिली जाईपर्यंत योग्य आज्ञावलीच्या साहाय्याने ती परत मिळण्याची शक्यता असते. त्यासाठी, चूक ध्यानात येताच त्या कार्डाचा वापर थांबवावा लागतो.

नोंदीच्या पद्धती : दोन खाचांचा उपयोग मुख्यतः तीन प्रकारे करतात. त्यांची नावे निरनिराळ्या उत्पादकांच्या कॅमेऱ्यांत वेगवेगळी असली, तरी तत्त्वे समान आहेत.

(१) समांतर नोंद : प्रत्येक छायाचित्र दोन्ही कार्डांवर लिहिले जाते. या पद्धतीत उपलब्ध जागा दोहोंपैकी लहान कार्डाइतकीच असते, उदा., ६४ व १२८ गिगाबाइटची कार्डे घातल्यास प्रत्यक्षात ६४ गिगाबाइटच वापरता येतात. बहुतेक कॅमेऱ्यांत एक कार्ड भरले की चित्रण थांबते. लग्न, मुंज, क्रीडास्पर्धा, वार्तांकन इ. पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगांसाठी ही पद्धती पसंत करतात.

(२) अनुक्रमिक नोंद : पहिले कार्ड भरल्यावर कॅमेरा आपोआप दुसऱ्याकडे वळतो. यात दोन्ही कार्डांची पूर्ण जागा उपयोगी पडते व ऐन वेळी कार्ड बदलावे लागत नाही. मात्र प्रत्येक छायाचित्राची प्रत एकच राहते.

(३) विभाजित नोंद : एका कार्डावर रॉ स्वरूपाची व दुसऱ्यावर जेपेग स्वरूपाची फाइल लिहिली जाते. रॉ फाइलीत प्रतिमा-संवेदकाने मोजलेली मूळ माहिती असते. १४ अंकस्थानांच्या रॉ फाइलीत प्रत्येक बिंदूच्या तेजाच्या १६,३८४ पातळ्या नोंदविता येतात. ८ अंकस्थानांच्या जेपेग फाइलीत प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात. जेपेग फाइल आकाराने लहान असल्याने दुसरे कार्ड कमी क्षमतेचे असले तरी चालते. रॉ फाइलींचे कार्ड बिघडल्यास जेपेगवरून छापील चित्र काढता येते, परंतु अतिप्रकाशित वा काळवंडलेल्या भागांत सुधारणा करण्यास फारसा वाव राहत नाही. थोडक्यात, ही पद्धती कमी दर्जाची का होईना, एक प्रत राखते. चलच्चित्रणाची सोय असलेल्या काही कॅमेऱ्यांत स्थिर चित्रे एका कार्डावर व चलच्चित्रे दुसऱ्यावर पाठविता येतात.

पहिल्या दोन पद्धतींतील फरक एका काल्पनिक गणिताने स्पष्ट होईल. एका दिवसाच्या कामात एखादे कार्ड बिघडण्याची शक्यता हजारात एक आहे आणि दोन कार्डे परस्परांपासून स्वतंत्रपणे बिघडतात, असे मानू. समांतर नोंदीत छायाचित्रे गमावण्यासाठी दोन्ही कार्डे त्याच दिवशी बिघडावी लागतील. त्याची शक्यता दहा लाखांत एक येते. अनुक्रमिक नोंदीत, दोन्ही कार्डे वापरली गेली असल्यास, निदान एक कार्ड बिघडून काही भाग गमावण्याची शक्यता हजारात जवळजवळ दोन, म्हणजे एकच कार्ड वापरण्यापेक्षाही अधिक असते. मात्र हानी झाल्यास ती बहुधा त्या कार्डावरील भागापुरतीच राहते. या गणिताचा सारा आधार ‘परस्परांपासून स्वतंत्रपणे’ या शब्दांवर आहे. कॅमेरा पाण्यात पडणे, चोरीला जाणे किंवा छायाचित्रकाराने चुकून दोन्ही कार्डे पुसणे, या प्रसंगी दोन कार्डे स्वतंत्र राहत नाहीत आणि दहा लाखांत एक हा हिशेब लागू पडत नाही.

वेग व क्षमता : शटर दाबल्यावर चित्राची माहिती प्रथम कॅमेऱ्यातील बफर नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत जाते व तेथून कार्डावर लिहिली जाते. समांतर नोंदीत दोन्ही कार्डांवर लेखन पूर्ण होईपर्यंत बफरमधील जागा मोकळी होत नाही. त्यामुळे संथ कार्डाचा वेग तोच साऱ्या कॅमेऱ्याचा वेग ठरतो. एक महागडे वेगवान कार्ड व दुसरे जुने संथ कार्ड घातल्यास सलग चित्रे घेताना कॅमेरा अडखळतो, याचे कारण हेच. म्हणून दोन्ही कार्डे शक्यतो समान वेगाची व समान क्षमतेची घेतात. एसडी कार्डांच्या यूएचएस-१ प्रकारात जोडणीचा कमाल वेग सेकंदाला १०४ मेगाबाइट व यूएचएस-२ मध्ये ३१२ मेगाबाइट असतो. कार्डावरील व्ही३०, व्ही६० व व्ही९० या खुणा सलग लेखनाचा सेकंदाला अनुक्रमे ३०, ६० व ९० मेगाबाइट हा किमान वेग दर्शवितात. खरेदी करताना कार्डावर ठळकपणे छापलेला वेग बहुधा वाचनाचा असतो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने लेखनाचा वेग महत्त्वाचा असतो.

क्षमतेचा अंदाज साध्या गुणाकाराने करता येतो. सु. ३० मेगाबाइटची एक रॉ फाइल धरल्यास दिवसभराच्या समारंभातील ३,००० चित्रांना ९० गिगाबाइट जागा लागते. अशा कामासाठी १२८ गिगाबाइटची दोन कार्डे समांतर नोंदीस पुरतात.

मुळशी परिसरातील उपयोग : पौड हे मुख्य ठिकाण असलेला मुळशी तालुका सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेला आहे. मुळा नदीवर टाटा उद्योगसमूहाने बांधलेल्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय, त्याच्या पश्चिमेचा ताम्हिणी घाट, अंधारबनासारखी दाट जंगले आणि जुन्या देवराया यांमुळे हा भाग छायाचित्रकारांचा आवडता आहे. पुण्याहून पौड, ताम्हिणी, निजामपूरमार्गे माणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात त्यांची वर्दळ असते. ताम्हिणीच्या जंगलास २०१३ साली वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथील कामाचे स्वरूप पाहिल्यास दोन कार्डांच्या निरनिराळ्या पद्धतींची निवड कशी होते, हे समजण्यास मदत होते.

जलाशयाच्या परिसरातील रिसॉर्ट व फार्म हाउस यांमध्ये आता लग्नसमारंभ होऊ लागले आहेत. लग्नातील बहुतेक विधी काही मिनिटे चालतात. पण मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात व वधूवर एकमेकांना हार घालतात, तो क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही. त्या वेळच्या चित्रांत घरातील वृद्ध माणसे असतात; पुढे काही वर्षांनी त्यांचे तेच अखेरचे चांगले चित्र ठरण्याचा संभव असतो. छायाचित्रकाराने मोबदला परत केला, तरी ही हानी भरून येत नाही. म्हणून या कामात रॉ फाइलींची समांतर नोंद करणे योग्य असते. विधी व भोजन यांच्या मधल्या वेळात दोन्ही कार्डे बदलून भरलेल्यांपैकी एक छायाचित्रकाराने अंगावरील बंद खिशात व दुसरे साहाय्यकाजवळ ठेवल्यास, तोपर्यंतचे काम कॅमेऱ्याच्या भवितव्यापासून वेगळे होते. समारंभानंतर रात्री घाटरस्त्याने परतताना दोघांनी निरनिराळ्या वाहनांतून जाणे अधिक सुरक्षित.

पावसाळी निसर्गचित्रणाची गरज थोडी निराळी असते. ताम्हिणी परिसर राज्यातील अतिवृष्टीच्या प्रदेशांपैकी एक असून तेथे पावसाची संततधार दिवसेंदिवस चालते. कॅमेऱ्याला जलरोधक आवरण असले, तरी कार्डांच्या कप्प्याचे झाकण उघडताच ते संरक्षण संपते. भिजलेल्या हातांनी कार्ड बदलताना जोडपट्ट्यांवर पाणी जाण्याचा धोका असतो. त्यामुळे येथे झाकण न उघडता दिवस निभावणे हे पहिले उद्दिष्ट असते. मोठ्या क्षमतेची दोन कार्डे घालून समांतर नोंद करणे हा उत्तम मार्ग होय. तेवढी क्षमता जवळ नसल्यास विभाजित नोंद आणि अगदीच नाइलाज असल्यास अनुक्रमिक नोंद स्वीकारावी लागते. वातानुकूलित मोटारीतून थंड कॅमेरा एकदम दमट हवेत आणल्यास त्यावर दव साचते. कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ दिला, तर हा त्रास टळतो.

पावसाळ्यापूर्वीच्या रात्री सह्याद्रीतील जंगलांत काजवे चमकतात. त्यांची चित्रे घेताना कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून प्रत्येकी २०—३० सेकंदांची अनेक प्रकाशने एकामागून एक देतात व नंतर ती संगणकावर एकत्र करतात. २० सेकंदांचे एक याप्रमाणे तासाभरात सु. १८० चित्रे होतात. ही सर्व मिळून एकच चित्र असल्याने मधल्या काही फाइली गेल्या, तरी प्रकाशरेषा तुटक होतात. कामाचा वेग मंद असल्यामुळे दोन कार्डांवर लिहिण्यास कॅमेऱ्याला पुरेसा अवधी मिळतो. म्हणून येथे समांतर नोंद न करण्यास सबळ कारण उरत नाही.

वैज्ञानिक नोंदीसाठी घेतलेल्या चित्रांचे मोल आणखी वेगळे असते. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केल्यापासून अशा राया वनस्पतिशास्त्रज्ञांच्या विशेष आस्थेचा विषय झाल्या आहेत. राईतील एखादा जुना वृक्ष उन्मळून पडल्यावर त्याचे आधी घेतलेले चित्र हाच पुरावा उरतो. डोंगरउतारांवरील कारवीला साधारणतः सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलोरा येतो; त्या हंगामातील चित्रे गमावली, तर पुन्हा तितकी वर्षे थांबावे लागते. मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१—२४ या काळात झालेल्या सत्याग्रहासंबंधीची किंवा धरणग्रस्त कुटुंबांकडील जुनी कागदपत्रे टिपतानाही हीच दक्षता घ्यावी लागते, कारण जीर्ण कागद पुन्हा उघडण्याजोगा राहीलच, असे सांगता येत नाही.

शहरात वृत्तछायाचित्रकार आपली चित्रे कॅमेऱ्यातून वा मोबाइल फोनवरून तत्काळ कार्यालयात पाठवू शकतात व त्यांची दुसरी प्रत दूर अंतरावर तयार होते. घाटात व दऱ्यांत मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी क्षीण वा अनुपलब्ध असते. अशा ठिकाणी कॅमेऱ्यातील दुसरे कार्ड हीच बराच काळ एकमेव दुसरी प्रत असते. मुळशीसारख्या भागात या व्यवस्थेचे महत्त्व वाढते, ते यामुळेच.

मर्यादा : दुहेरी नोंद ही संग्रहणाची पद्धती नव्हे, चित्र टिपल्यापासून ते संगणकावर उतरवून घेईपर्यंतच्या काळातील ती एक तरतूद आहे. चुकीचे प्रकाशन वा अस्पष्ट केंद्रीकरण यांच्या दोन प्रती झाल्याने चित्र सुधारत नाही. पुसण्याची आज्ञा एका कार्डापुरती लागू होते की दोन्हींना, हे कॅमेऱ्यानुसार व त्यातील निवडीनुसार बदलते. ते आधी माहीत करून घेणे आवश्यक असते. एका खाचेत कार्ड नसताना किंवा ते वाचता येत नसतानाही काही कॅमेऱ्यांत चित्रण चालू राहते. पडद्याच्या कोपऱ्यातील सूचनेकडे लक्ष न गेल्यास दोन प्रती होत आहेत, अशा समजुतीत दिवसभर एकच प्रत तयार होते. दोन्ही कार्डे एकाच वेळी खरेदी केलेली व सदोष संचातील असल्यास दोहोंत एकच दोष असू शकतो. म्हणून काहीजण निरनिराळ्या उत्पादकांची कार्डे वापरतात.

एकच खाच असलेला कॅमेरा वापरणाऱ्यांनी हताश होण्याचे कारण नाही. छोट्या गावातील छायाचित्रकार मोठ्या क्षमतेच्या एका कार्डाऐवजी लहान कार्डे वापरून, प्रत्येक विधीनंतर ती बदलून, हानीची मर्यादा कमी करू शकतो. कार्ड-वाचक मोबाइल फोनला जोडून मधल्या वेळात फाइलींची प्रत करता येते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दुसरा कॅमेरा व दुसरा छायाचित्रकार. त्यांच्यामुळे प्रसंगाची स्वतंत्र नोंद तर होतेच, शिवाय एक कॅमेरा संपूर्ण बंद पडला, तरी काम थांबत नाही. दोन खाचांच्या कॅमेऱ्याकडून हे शेवटचे कार्य होत नाही.

कार्यपद्धती : कामास निघण्यापूर्वी जुन्या फाइलींच्या किमान दोन प्रती अन्यत्र असल्याची खात्री करून कार्डे ज्या कॅमेऱ्यात वापरावयाची, त्याच कॅमेऱ्यात नव्याने आखून घेतात. दोन्ही कार्डांवर ‘१’ व ‘२’ अशा खुणा करतात. एक-दोन चित्रे घेऊन ती दोन्ही कार्डांवरून पडद्यावर पाहतात. नोंद चालू असल्याचा दिवा विझेपर्यंत कप्प्याचे झाकण उघडत नाहीत. भरलेली कार्डे डबीत उलटी व रिकामी सुलटी ठेवण्याचा संकेत उपयुक्त आहे. त्यामुळे घाईत भरलेले कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात जात नाही. एसडी कार्डाच्या कडेची लहान खिट्टी सरकवून लेखन बंद करता येते.

परतल्यावर पहिल्या कार्डावरील फाइली संगणकावर व बाह्य डिस्कवर उतरवून घेतात, त्यांची संख्या ताडून पाहतात व त्यांपैकी काही उघडून पाहतात. हे होईपर्यंत दुसऱ्या कार्डाला हात लावीत नाहीत. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे डिजिटल चित्रांच्या जतनासंबंधीचा एक नियम सर्वत्र परिचित झाला : प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. कॅमेऱ्यातील दोन कार्डे या नियमातील पहिल्या अटीचा आरंभ करून देतात. दुसरी अट संगणक वा बाह्य डिस्क पुरी करते. तिसऱ्या अटीची पूर्तता कोणतेही यंत्र आपोआप करीत नाही; त्यासाठी कोणी तरी एक प्रत उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवावी लागते किंवा जाळ्याद्वारे दूरच्या साठ्यात पाठवावी लागते. मुळशीतील लग्नघरातून निघताना दुसरे कार्ड वेगळ्या माणसाच्या हाती सोपविणे, हे या तिसऱ्या अटीचेच सर्वांत साधे व बिनखर्चाचे रूप होय.